उत्तरेचं ऊन

सांगलीत विश्रामबागला एका दातांच्या दवाखान्याच्या वर सरफराजचं ऑफिस होतं. खालच्या मजल्यावर लोकांचे दात काढायचे आणि वरच्या मजल्यावर सरफराज ऊन काढायचा. तेच त्याचं खरं काम. जे घर अजून बांधलंच नाही, त्याचा फोटो तो कॉम्प्युटरवर तयार करायचा. आर्किटेक्ट नकाशा पाठवायचे. सरफराज त्याच्या भिंती उभ्या करायचा, खिडक्यांना काचा लावायचा, दारात एक पांढरी गाडी उभी करायचा आणि सगळ्यात शेवटी सूर्य आणून ठेवायचा. या फोटोला धंद्यातले लोक रेंडर म्हणतात. गिऱ्हाईक मात्र फोटोच म्हणतं आणि तेही अशा सुरात, जणू कॅमेरा घेऊन कुणीतरी पुढच्या वर्षात जाऊन आलंय.

असे फोटो काढणारी पोरं सांगलीत पुष्कळ होती. पण त्यांची घरं जत्रेत मिळणाऱ्या प्लास्टिकच्या खेळण्यासारखी दिसत. सरफराजच्या घरावर ऊन असं काही पडायचं, की बघणाऱ्याला आपण तिथं चहा पीत बसलोय असं वाटावं. ओट्याच्या कडेवर मऊ, फरशीवर थोडं पसरलेलं, भिंतीवरून परतून छताला किंचित पिवळं करणारं. सांगली-साताऱ्याकडचे आर्किटेक्ट फोनवर सांगत, "बाकी काही करा, पण ते तुमचं ऊन तेवढं घाला."

सरफराजचं ऊन कायम साडेचारचं असे. घराचं तोंड कुणीकडंही असो, सूर्य समोर डाव्या अंगाला. कॉम्प्युटरात सूर्य माऊसनं ओढता येतो, त्याला उगवायला पूर्व लागत नाही. वरचं आकाशही तयार मिळायचं, कुठल्याशा थंड देशातलं. त्यामुळं तासगावच्या द्राक्षबागायतदाराचा बंगला असो की जतमध्ये टँकरनं पाणी येणाऱ्या मास्तरांचं दोन खोल्यांचं घर, सगळ्यांच्या डोक्यावर तेच निळं, धुतलेलं, परदेशी आभाळ असायचं. कुणी कधी तक्रार केली नाही. घाईनं काढलेल्या फोटोत अंधाऱ्या कोपऱ्यात वाळूसारखे दाणे दिसतात. तसला एक दाणाही सरफराजला खपायचा नाही. कॉम्प्युटर दोन-दोन दिवस चालला तरी चालेल, पण चित्र काचेसारखं स्वच्छ पाहिजे. खरं-खोटं हा प्रश्न त्याला कधी पडला नव्हता. त्याच्या लेखी चित्र एकतर स्वच्छ असतं, नाहीतर दाणेदार.

उजेडाची ही नजर त्याला अब्बांकडून आली होती. चांदसाहेब म्हणजे एके काळचे गॅसबत्तीवाले. वराती, उरूस, कुस्त्यांचे फड, सगळीकडं त्यांच्या बत्त्या भाड्यानं जायच्या. पंप मारून, जाळी पेटवून, डोक्यावर बत्ती घेऊन ते नवरदेवाच्या पुढं चालत. "उजेड थेट डोक्यावर धरला की माणूस मेल्यागत दिसतो, जरा बाजूनं धरावा," हे त्यांनी पोराला लहानपणी सांगितलं होतं आणि त्या एका वाक्यावर पोरानं धंदा उभा केला. आता चांदसाहेबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. दुपारी ते ऑफिसात खुर्ची टाकून बसत, चहा पीत आणि पडद्याकडं बघून नाक मुरडत. "तुझं ऊन चांगलं आहे रे, पण त्यात बसून घाम यायचा नाही," असं एकदा म्हणाले होते. सरफराजच्या मनाला ते चार दिवस लागून राहिलं होतं.

तर त्या जानेवारीत आर्किटेक्ट वीरधवल सर कोरेगावच्या एका जोडप्याला घेऊन ऑफिसात आले. निवृत्त सुभेदार हंबीरराव आणि त्यांच्या बायको रंगूबाई. सुभेदारांनी पाठ न टेकता खुर्चीत बसून घेतलं आणि रंगूबाई दाराजवळ, जणू गाडी चुकेल अशा बेतानं बसल्या. त्यांचे गुडघे दुखत होते. बसताना त्यांनी दोन्ही हातांनी ते आधी घरच्या म्हाताऱ्या माणसांना बसवावं तसे जपून बसवले आणि मग स्वतः टेकल्या.

अडचण वीरधवल सरांनी येतानाच फोनवर सांगितली होती. जुनं घर तीन खोल्यांचं, पत्र्याचं, दक्षिणेच्या बोळाकडं तोंड केलेलं. सुभेदारांना ते पाडून उत्तरेच्या नव्या रुंद रस्त्याकडं तोंड करून बंगला बांधायचा होता. त्या रस्त्यावर त्यांच्या पलटणीतल्या तिघांचे बंगले आधीच उभे होते. पण जागा रंगूबाईंच्या नावावर होती. खरेदीच्या वेळी बाईच्या नावाला सवलत होती म्हणून सुभेदारांनीच हौसेनं तसं केलं होतं आणि आता दोन वर्षं बाई सही करत नव्हत्या. सीमेवर न हटलेला माणूस घरात एका सहीपुढं हात टेकून बसला होता.

"आत्ताच्या घरात काय वाईट हाय?" रंगूबाई म्हणाल्या. बोलणं नवऱ्याशी, नजर सरफराजकडं. "हिवाळ्यात दारातल्या कट्ट्यावर दिसभर ऊन असतंय. गुडघं शेकत बसती. बोळातनं बाया जात्यात, बनाबाई समोरच. चार शब्द हुत्यात. आनी काय पायजे मला?"

"दक्षिणेचं दार हाय त्ये," सुभेदार म्हणाले. "अशुभ असतंय. उत्तर म्हंजी कुबेराची दिशा."

"त्याच दारातनं तुमी दर सुट्टीला धडधाकट आत आला," रंगूबाई म्हणाल्या. "तीस वर्सं."

वीरधवल सरांनी घाईनं सरफराजला खूण केली.

सरफराजनं पडद्यावर बंगला आणला. दोन मजली, पुढं गोल खांब, खांबांमध्ये लांबलचक कट्टा, समोर तुळशीवृंदावन. सुभेदारांचा चेहरा उजळला. रंगूबाईंनी मात्र गॅसच्या जाहिरातीकडं बघावं तसं त्याकडं बघितलं. "मोट्टं हाय," एवढंच म्हणाल्या.

मग सरफराजनं ते केलं. त्यात त्याला काही वावगं वाटलं नाही. रोज तेच तर करत होता. त्यानं सूर्य धरला आणि हळूहळू ओढत समोर आणला. उन्हाचा एक पट्टा अंगणातून सरकत वृंदावनावर चढला, पायरीवर आला आणि त्या लांब कट्ट्यावर येऊन पसरला. रंगूबाई उठल्या. गुडघ्यांची आठवण न ठेवता उठल्या आणि पडद्याजवळ आल्या. कट्ट्यावरच्या उन्हाला त्यांनी बोट लावून बघितलं.

"हितं बसल्यावर समोर काय दिसंल?"

"रस्ता, मावशी. पूर्ण रस्ता. बोळापेक्षा दसपट माणसं."

"आनी ह्ये ऊन? ह्ये असंच असंल?"

"असेल की," सरफराज म्हणाला.

दोनच शब्द. तेही नेहमीचे. गिऱ्हाइकानं 'गाडी असेल का' विचारलं तरी तो हेच म्हणायचा. पण रंगूबाईंनी पदरानं बोट पुसलं, पडद्यावर उमटलेला ठसाही पुसला आणि नवऱ्याला म्हणाल्या, "कुठं करायची सही?"

सुभेदारांनी त्या फोटोचा बारा फुटी फ्लेक्स करून प्लॉटवर लावला. खाली बारीक अक्षरात 'चित्र केवळ कल्पनेसाठी' असं छापलेलं होतं, पण नेमकं तिथंच बांबूला दोरी आवळली होती. पंधरा दिवसांत जुनं घर पडलं. पाडताना रंगूबाई बनाबाईच्या दारात बसून बघत होत्या. आणि सुभेदारांनी खुशीखुशीत फ्लेक्सचा फोटो सरफराजला पाठवला, 'लय क्वालिटी' असं लिहून. मागं पत्र्यांचा ढीग दिसत होता.

सरफराजनं तो कौतुकानं अब्बांना दाखवला. चांदसाहेबांनी फोन लांब धरला, जवळ धरला.

"घराचं तोंड कुणीकडं आहे?"

"उत्तरेला."

"मग तुळशीची सावली घराकडं कशी पडलीय?"

सरफराज हसला. "अब्बा, सूर्य समोर ठेवलाय ना."

"म्हणजे उत्तरेला ठेवलास." चांदसाहेबांनी चहाचा कप खाली ठेवला. "आमच्या बत्त्या आम्ही पाहिजे तिथं न्यायचो. त्या आमच्या होत्या. सूर्याला डोक्यावर घेऊन कोण चालणार आहे? ती बाई?"

त्या दिवशी सरफराजनं आयुष्यात पहिल्यांदा कॉम्प्युटरात कोरेगाव घातलं. गावाचे खरे अक्षांश-रेखांश, खरी दिशा, पंधरा डिसेंबर, सकाळचे साडेदहा. सोय आधीपासून होती, एक बटण दाबायचं होतं. त्यानं ते दाबलं आणि सूर्य समोरून उठून घराच्या मागं गेला. कट्टा काळानिळा झाला. त्यानं बारा वाजवले, दोन वाजवले, चार वाजवले. तारीख पुढं-मागं केली. नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी. कट्ट्यावर उन्हाचा कवडसासुद्धा आला नाही. आलं ते थेट उन्हाळ्यात. मे महिन्यात, जेव्हा सावलीतही फरशीवर पाय ठेवता येत नाही, तेव्हा सूर्य उत्तरेला कलतो आणि त्या कट्ट्यावर मनसोक्त ऊन पडतं. जूनमध्येही पडलं असतं, पण तोवर पावसाळा लागतो.

त्याला लाज वाटली. आणि लाज वाटतेय याचा रागही आला, कारण सगळा धंदा हेच करत होता आणि लाज त्याच्या एकट्याच्या वाट्याला आली होती.

तो वीरधवल सरांकडं गेला. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं. "सरफराज, बांधकामाच्या ड्रॉइंगमध्ये ऊन नसतं," ते म्हणाले. "दार, खिडकी, जिना, पाण्याची टाकी, जे मी काढलंय ते त्यांना मिळेल. ऊन मी काढलेलं नाही."

"मी काढलंय," सरफराज म्हणाला.

"आणि खाली लिहिलंय, केवळ कल्पनेसाठी. तुला कसली चिंता?"

सरफराजनं मग जे केलं, ते धंद्यात कुणी करत नाही. त्यानं फुकट दोन नवे रेंडर केले. पहिला पुढच्या बाजूचा, खऱ्या सूर्याचा. सावलीतलं घर सुंदर दाखवणं हे किती अवघड काम आहे हे त्याला तेव्हा कळलं. नुसत्या आभाळाचा थंड उजेड, रस्त्यावरून परतून खांबांच्या पोटाला लागलेला थोडासा, फरशीत दिसणारी अंधुक छाया. चार दिवस त्यानं त्यात जीव ओतला. एक दाणा राहू दिला नाही. त्याच्या मते ते त्याचं आजवरचं सगळ्यात चांगलं काम होतं.

दुसरा रेंडर घराच्या मागच्या बाजूचा. मागची बाजू आजवर कुणी मागितली नव्हती. सगळ्या जिल्ह्यातल्या घरांना जणू पाठच नसते. नकाशात मागं सेप्टिक टँक होता, बोअरचा पाइप होता, धुण्याचा दगड होता आणि बोळाच्या कडेनं आठ फुटी भिंत होती. सुभेदारांनी ती खास सांगून घालून घेतली होती. उभं आयुष्य सीमेवर गेलेल्या माणसाला घरालाही सीमा पाहिजेच. या सगळ्यावर डिसेंबरचं ऊन नुसतं सांडलं होतं. सरफराजनं काही हलवलं नाही. फक्त घराच्या भिंतीला टेकून, उन्हात, एक छोटा कट्टा काढला.

सकाळच्या गाडीनं तो कोरेगावला गेला. पाया खणून झाला होता. सुभेदार शेजारच्या भाड्याच्या खोलीत बांधकामावर नजर ठेवून बसले होते, आत रंगूबाई चहा ठेवत होत्या. सुभेदारांनी पहिला फोटो हातात घेतला आणि त्यांचा चेहरा पडला.

"ढगाळ दिवसाचा काढलास व्हय?"

"नाही साहेब. वर बघा, आभाळ स्वच्छ आहे."

"मग घरावर ऊन का न्हाई?"

"सूर्य घराच्या मागं आहे."

"मग फुडं घे की गड्या! पयल्या फोटूत फुडं हुता."

सरफराजनं समजावलं. उत्तर, दक्षिण, हिवाळा. सुभेदारांना दिशा शिकवाव्या लागल्या नाहीत. रानात होकायंत्र धरून पलटण चालवलेला माणूस तो. सगळं त्यांना समजत होतं आणि तरीही ते फोटोकडं बघून मान हलवत होते. "त्ये बरोबर हाय तुजं. पर पयल्या फोटूत ऊन आलं हुतं का न्हाई? आलं हुतं म्हंजी कुठनं तरी येत असंलच." मग त्यांना खरं कारण सापडलं. "तुजी क्वालिटी घसरली गड्या. मनावर घिऊन केलं न्हाईस ह्ये."

चार दिवसांची मेहनत सुभेदारांनी उलटी करून टेबलावर ठेवली. मागच्या बाजूचा फोटो बघून तर त्यांना हसू आलं. "आरं, ही संडासाची टाकी! ह्यो काय फ्लेक्सवर लावायचा?"

रंगूबाई चहा घेऊन दारात उभ्या होत्या. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. कप देताना त्यांनी हळूच विचारलं, "म्हंजी फुडल्या कट्ट्यावर ऊन न्हाईच?"

"येईल, मावशी," सरफराज म्हणाला. त्याला नजर वर करवेना. "मे महिन्यात."

रंगूबाई हसल्या. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. "मे म्हयन्यात," त्या म्हणाल्या. "बरं." बाहेर त्यांचं घर होतं तिथं चार हात खोल खड्डा होता. आता सही मागं घेऊन करणार काय? त्यांनी टेबलावरचा मागच्या बाजूचा फोटो उचलला, घडी घातली आणि आत नेला.

वर्ष फिरलं. डिसेंबरात वास्तुशांतीचं बोलावणं आलं. सरफराजला जायचं नव्हतं. चांदसाहेब म्हणाले, "बोलावलंय तर जायचं. आपण बत्ती लावलेल्या वरातीत आपण जेवूनच यायचो." दोघं बाराच्या सुमाराला पोचले.

बंगला फोटोतल्यासारखाच झाला होता. खांब तसेच, वृंदावन तसंच, गाडीसुद्धा पांढरीच. आणि कट्ट्यावर ऊन होतं. सरफराज जागीच थबकला. मग त्याला अंगणाच्या कडेचे चार खांब दिसले. त्यावर चार मोठे पिवळे फोकस. भर दुपारी बारा वाजता ते फोकस घरावर रोखून पेटलेले होते.

"फोटूत ऊन हुतं आनी हितं न्हवतं," सुभेदार अभिमानानं म्हणाले. "मग काय, आमी गप बसतोय व्हय? आता बग, जुळलं का न्हाई?"

"लई खाली लावलेत," चांदसाहेब पुटपुटले. "घर भुतागत दिसतंय."

पाहुणे पुढं उभे राहून सेल्फी काढत होते. कट्ट्यावर कुणी बसलं नव्हतं, फरशी बर्फासारखी गार होती. तिथं चपला काढून ठेवल्या होत्या. दारावर पितळी अक्षरांत सुभेदारांचं नाव होतं, पण फोकस त्याच्या खालीच संपत होते. झगझगाटाच्या वरच्या सावलीत नाव काही केल्या वाचता येत नव्हतं.

रंगूबाई कुठं दिसेनात. सरफराज घराला वळसा घालून मागं गेला. आचाऱ्यांची पातेली ओलांडून बघतो तो काय, सेप्टिक टँकला लागून, घराच्या भिंतीला टेकून एक छोटा कट्टा होता. त्याच्या फोटोतला. तसाच्या तसा. आणि नवं पातळ नेसलेल्या रंगूबाई त्यावर उन्हात पाय पसरून बसल्या होत्या. स्वतःच्या घराच्या वास्तुशांतीला घराच्या पाठीमागं.

"गवंड्याला तुजा फोटू दावला," त्या म्हणाल्या. "इचारलं न्हाई कुणाला. बस."

सरफराज बसला. ऊन छान होतं. अंगात मुरणारं. अब्बा म्हणाले होते तो घाम इथं बसल्या बसल्या आला. त्याचा जीव थोडा हलका झाला. "मावशी, ऊन मिळालं म्हणायचं."

"मिळालं की." रंगूबाईंनी समोर बोट केलं. समोर आठ फुटी भिंत होती. "ऊन हितं हाय आनी माणसं तितं. तुज्या पयल्या फोटूत दोनी एका जागी हुतं. माज्या जुन्या दारातबी हुतं."



भिंतीपलीकडून आवाज आला. "रंगू! हाईस का गं?" बनाबाई होती. बोळातून बोलत होती. सकाळी ती लांबच्या रस्त्यानं वळसा घालून पुढच्या दारानं आली होती, चपला काढून, पाहुणीसारखी सोफ्याच्या कडेला बसून, प्रसाद घेऊन गेली होती. आता भिंतीआडून विचारत होती, आमटी तिखट झाली का म्हणून. दोघी मोठमोठ्यानं बोलल्या. मोठ्यानं बोलायच्या गोष्टी तेवढ्याच होत्या, त्या लवकर संपल्या.

"एक दार पायजे भितीत," रंगूबाई आवाज खाली आणून म्हणाल्या. "आनी भित छातीपत्तुर. तीन म्हयनं सांगती हाय. ऐकत न्हाईत. दक्षिणेला दार नको, चोर येतील, फौजेत असं नसतंय. माजं ऐकत न्हाईत, फोटूचं ऐकत्यात." त्यांनी सरफराजच्या गुडघ्यावर हात ठेवला. "तुज्या फोटूनं माजी सही घेतली. आता एक फोटू माज्या बाजूनं काढ."

"मावशी, पुन्हा खोटं दाखवू?"

"खोटं कुठं? ऊन हितं हायच. खोटं फकस्त दार. त्ये गवंडी खरं करंल."

सांगलीला परतल्यावर सरफराज कामाला बसला. कॅमेरा त्यानं बोळात नेऊन ठेवला. भिंत छातीएवढी केली, वर नक्षीची जाळी, मधोमध कमानीचं दार. नेहमीच्या सवयीनं त्याचा हात सूर्याकडं गेला आणि तिथंच थांबला. सूर्य दक्षिणेला होता, जिथं कोरेगावात जानेवारीत असतो तिथं. त्याला कुठंही ओढायची गरज नव्हती. ऊन आपण होऊन दारावर पडलं होतं, जाळीतून आत शिरलं होतं, कट्ट्यावर जाऊन बसलं होतं. इतक्या वर्षांत सूर्य न हलवता केलेला हा त्याचा पहिलाच फोटो. थंड देशातलं आभाळही त्यानं काढून टाकलं आणि आपल्याकडचं थोडं धुरकट, पांढुरकं घातलं. मग, आपण काय करतोय हे पुरतं ठाऊक असताना, त्यानं दाराशेजारी भर उन्हात एक पितळी पाटी लावली. सुभेदार हंबीरराव, निवृत्त. अक्षर न् अक्षर झळकत होतं.

फोटो त्यानं सुभेदारांना पाठवला आणि दुसऱ्याच दिवशी फोन आला.

"आरं, ही आपलीच मागची बाजू हाय?" सुभेदारांचा आवाज खणखणीत होता. "हिला म्हंत्यात क्वालिटी! आदी का दावली न्हाईस? आनी नाव बग की, पार बोळाच्या टोकावरनं वाचता येतंय. फुडं तर कुणाला दिसतबी न्हाई." मग म्हणाले, "तसंबी तळाला दुसरं गेट ठिवावंच लागतंय. फौजेत ह्येच शिकवत्यात. ही कवापासनं नको म्हंती हाय, पर म्या काय ऐकत न्हाई."

"ऐकू नका, साहेब," तीन महिने दार कोण मागत होतं हे ठाऊक असलेला सरफराज म्हणाला.

फेब्रुवारी उजाडला तरी काही कळलं नाही. मग एका दुपारी त्याच्या फोनवर रंगूबाईंकडून एक फोटो आला. खाली एक अक्षर लिहिलेलं नव्हतं. फोटो तिरका होता. एका कोपऱ्यात गुलाबी अंधार होता, तिथं त्यांचं बोट आलं होतं. उन्हातला भाग पांढराफटक पडला होता आणि सावलीतल्या भागात वाळू उधळल्यासारखे दाणे होते. मधे कमानीचं दार सताड उघडं होतं. उंबऱ्यावर कुणी म्हातारी बाई बसली होती, तिचं अर्धं डोकं कापलं गेलं होतं आणि उरलेलं अर्धं तोंड हसत होतं. ती बनाबाई असावी. समोर जमिनीवर दाराची सावली होती आणि त्या सावलीच्या अलीकडं, फोटोच्या खालच्या कडेला, पातळाच्या निऱ्यांतून बाहेर आलेले दोन उघडे पाय. उन्हात.

सरफराजनं तो पडद्यावर मोठा करून घेतला. सवयीनं तिरका फोटो सरळ करायला गेला. बोट काढून टाकू, दाणे पुसू, पांढरं पडलेलं ऊन जरा खाली आणू. मिनिटाचं काम होतं.

"हात लावू नको," मागून चांदसाहेब म्हणाले. ते केव्हा खुर्चीतून उठून पाठीशी येऊन उभे राहिले होते, त्याला कळलंच नव्हतं. त्यांनी चष्मा सारखा केला, पडद्याजवळ गेले आणि दाराच्या सावलीवर बोट ठेवलं.

"सावली बरोबर पडलीय."